मनगटावरील हृदयालेख : संकेत किती विश्वासार्ह?

मनगटावरील घड्याळ किंवा छातीवर चिकटवलेली पट्टी यांच्या साह्याने हृदयाची नोंद घेणे आता घरबसल्या शक्य झाले आहे. मात्र पडद्यावर उमटणारी प्रत्येक रेघ हृदयाचीच असते, असे नाही. हालचाल, कोरडी त्वचा किंवा सैल पट्टा यांमुळे उमटलेली वेडीवाकडी रेघही हृदयविकारासारखी दिसू शकते. म्हणूनच हृदयाविषयी काही सांगण्यापूर्वी हाती आलेला संकेत विश्वास ठेवण्याजोगा आहे काय, हे उपकरणाला ठरवावे लागते. या पारखीला संकेताच्या गुणवत्तेचे मूल्यमापन म्हणतात.

नोंदीच्या दोन पद्धती

चालत्याफिरत्या माणसाच्या हृदयाची नोंद घेण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील मोंटाना राज्यातील नॉर्मन हॉल्टर यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यासाठी बनविलेले पाठीवरचे यंत्र सुमारे ३८ किलो वजनाचे होते. आजच्या उपकरणांत दोन पद्धती आढळतात. ईसीजीमध्ये हृदयातून निघणारे, त्वचेवर जेमतेम एक मिलिव्होल्टच्या आसपास भरणारे विद्युतसंकेत टिपले जातात. दुसऱ्या पद्धतीत घड्याळाच्या पाठीमागील हिरवा प्रकाश त्वचेत सोडला जातो. प्रत्येक ठोक्यागणिक रक्तवाहिन्यांतील रक्त वाढले की परतणारा प्रकाश कमी होतो आणि त्यावरून नाडीचा वेग काढला जातो.

गोंगाटाचे प्रकार

श्वासोच्छ्वासामुळे आलेखाची पायारेषा संथपणे वरखाली होते. घरातील वीजपुरवठ्याची सेकंदाला ५० आवर्तने आलेखात मिसळतात. हे दोन्ही दोष फिल्टरने बऱ्याच अंशी दूर करता येतात. स्नायूंचे आकुंचन आणि त्वचेवरून इलेक्ट्रोड सरकणे यांचे तसे नाही. त्यांची कंपने हृदयाच्या कंपनांच्याच पट्ट्यात येत असल्याने ती गाळताना मूळ संकेतही बिघडण्याची भीती असते. सरकलेल्या इलेक्ट्रोडची खूण तर जादा ठोक्यासारखी भासते. प्रकाशावर चालणाऱ्या घड्याळांत चालण्याची लय हाच मोठा अडथळा ठरतो. मिनिटाला ११० पावले पडत असतील, तर घड्याळ त्या पावलांनाच नाडी समजू शकते.

पारख कशी होते?

साधारणतः आलेखाचे १० सेकंदांसारखे छोटे तुकडे करून प्रत्येकाची स्वतंत्र तपासणी केली जाते. रेघ सपाट आहे काय, मोजमापाच्या मर्यादेबाहेर गेली आहे काय, हे प्रथम पाहिले जाते. त्यानंतर शरीरधर्माची कसोटी लागते. एका प्रचलित पद्धतीत मिनिटाला ४० ते १८० ठोके ही मर्यादा धरली असून दोन ठोक्यांत ३ सेकंदांहून अधिक अंतर आढळल्यास तो तुकडा अविश्वसनीय मानला जातो. पुढे सर्व ठोक्यांच्या सरासरीतून एक साचा तयार करून प्रत्येक ठोका त्याच्याशी जुळवला जातो. आणखी एका पद्धतीत दोन वेगवेगळ्या संगणकीय प्रणालींकडून ठोके मोजून घेतात. स्वच्छ आलेखात दोघींचे उत्तर जुळते, गोंगाटात मात्र त्यांच्यात मतभेद होतो.

खरा पेच

आजारी हृदयाचा आलेखही साच्यात बसत नाही, ही या पारखीतील मोठी अडचण आहे. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे कप्पे थरथरतात आणि ठोके पूर्णतः अनियमित पडतात. या विकारात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो. नियमितपणाची कसोटी अति कडक ठेवली तर नेमका हाच आलेख ‘खराब’ म्हणून टाकून दिला जाईल. ती सैल ठेवली तर निरोगी माणसाला विनाकारण धोक्याची सूचना मिळेल. एका इलेक्ट्रोडजोडीवरील छोट्या नोंदींसाठी २०१७ मध्ये झालेल्या फिजिओनेट संशोधन स्पर्धेत नियमित ठोके, एट्रियल फिब्रिलेशन आणि अन्य अनियमितता यांबरोबरच ‘गोंगाट’ हा चौथा वर्ग ठेवण्यात आला होता, तो यामुळेच.

आकडेवारी वाचतानाही हे भान हवे. अ‍ॅपल वॉचच्या ईसीजी सुविधेला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये परवानगी दिली. सुमारे ६०० जणांच्या चाचणीत तिने एट्रियल फिब्रिलेशन ९८.३ टक्के अचूकतेने ओळखले. परंतु हा आकडा वर्गीकरण करता आलेल्या नोंदींचा आहे. १२.२ टक्के नोंदी अनिर्णित राहिल्या होत्या. गोंगाट हे त्यामागील एकमेव कारण नसले, तरी ‘सांगता येत नाही’ हे उत्तर किती वेळा मिळते, यावरही उपकरणाची योग्यता ठरते. संशयास्पद संकेतावरून ठाम निदान करणाऱ्या यंत्रापेक्षा असे उत्तर देणारे यंत्र अधिक भरवशाचे असते.

वापरकर्त्यांसाठी

नोंद घेताना स्वस्थ बसावे, हात टेबलावर टेकवावा आणि ३० सेकंद बोलणे व हालचाल टाळावी. पट्टा घट्ट नसला तरी त्वचेला नीट टेकलेला असावा. निकाल अनिर्णित आल्यास काही मिनिटांनी पुन्हा नोंद घ्यावी. डॉक्टरांना केवळ घड्याळाने दिलेला निष्कर्ष न सांगता मूळ आलेख दाखवावा आणि त्या वेळी आपण काय करीत होतो, हेही सांगावे. अशी घड्याळे हृदयविकाराचा झटका ओळखू शकत नाहीत. त्यामुळे छातीत दुखणे, दम लागणे, भोवळ येणे अशी लक्षणे दिसल्यास आलेख कितीही सरळ असला तरी तातडीने रुग्णालय गाठावे.