अचलपूर (एलिचपूर)

अमरावती जिल्ह्यातील तालुक्याचे ऐतिहासिक शहर. चांदूर बाजारच्या पश्चिमेस, सातपुड्याच्या पायथ्याशी. वऱ्हाडाची ही जुनी राजधानी. मराठी, उर्दू व हिंदी एकाच बाजारात इतक्या सहज कानावर पडतात, अशी गावे विदर्भात थोडीच.

१२९६ मध्ये देवगिरीवर जाताना अलाउद्दीन खलजी याच मार्गाने गेला. १४९० मध्ये फतहुल्ला इमादुल्मुल्काने वऱ्हाडात इमादशाही स्थापली. तो मूळचा विजयनगरच्या राज्यातील कानडी ब्राह्मण कुळातला. लढाईत बहमनी सैन्याच्या हाती लागला आणि पुढे मुसलमान झाला. जवळच्या गाविलगड किल्ल्याच्या दरवाजावर आजही दिसणारा गंडभेरुंड (दोन तोंडांचा काल्पनिक पक्षी) या मिश्र वारशाची बोलकी खूण आहे. तो पाहिल्याखेरीज अचलपूरची ओळख अपुरी राहते. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने हे राज्य घेतले. त्यानंतर मोगल, हैदराबादचा निजाम व नागपूरकर भोसले यांचा येथे वावर राहिला. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे गेले.

जुन्या गावात फिरताना दुल्हा दरवाजा व शाह दुल्हा रहमान यांचा दर्गा अवश्य पाहावा. येथे हिंदू भाविकही येतात. गावाबाहेरील हौज कटोरा हा अष्टकोनी मनोरा शहराच्या दुरवस्थेत पडलेल्या वास्तूंपैकी सर्वांत देखणा; त्याची निगा तातडीने राखली पाहिजे. जवळच मुक्तागिरी हे बावन्न मंदिरांचे जैन तीर्थ आहे. शेजारचे परतवाडा इंग्रजांच्या लष्करी छावणीभोवती वाढले. मेळघाटातील कोरकू तेथे बाजाराला उतरतात.

मूर्तिजापूरहून येणारी ‘शकुंतला’ ही अरुंद मार्गाची रेल्वे अचलपुरात संपत असे.