लखनौचे खमीर

मराठी माणसाच्या मनात अवधचा नवाब प्रथम येतो तो पानिपताच्या रणांगणावर. १७६१ साली अब्दालीच्या बाजूने उभा राहिलेला शुजाउद्दौला हा अवधचा नवाब. आणि त्या संग्रामाचा वृत्तांत लिहून ठेवणारा काशीराज पंडित हा दक्षिणी ब्राह्मणही त्याच्याच पदरी होता. शुजाउद्दौल्याच्या मृत्यूनंतर त्याचा पुत्र असफउद्दौला याने १७७५ साली आपली राजधानी फैजाबादहून लखनौला नेली. १८५६ साली इंग्रजांनी अवधचे राज्य खालसा केले आणि शेवटचा राजा वाजिद अली शाह कलकत्त्याजवळच्या मटियाबुर्जला जाऊन राहिला. म्हणजे राजधानी म्हणून लखनौला लाभले ते अवघे एक्याऐंशी वर्षांचे आयुष्य. एवढ्या अल्पावधीत या शहराने इमामबाडे उभारले, ठुमरीला आणि कथ्थकला आसरा दिला, उर्दू भाषेला एक वेगळी नजाकत दिली. त्याचबरोबर आणखी एक गोष्ट त्याने घडविली. तिला कोणी स्मारक म्हणत नाही, कारण ती रोज पहाटे जन्मते आणि दुपारपर्यंत संपून जाते. ती गोष्ट म्हणजे लखनौची रोटी.

भारतातील घरोघरची रोटी बहुधा बिनखमिराची. कणीक भिजवावी, थोडा वेळ मुरू द्यावी, लाटावी आणि तव्यावर भाजावी. आपली ज्वारी-बाजरीची भाकरी तर मळल्याबरोबर थापावी लागते. आंबविण्याची विद्या आपल्याला अपरिचित होती असे मात्र नव्हे. आंबोळी आणि जिलबी ही पिठे आंबवूनच होतात, आणि विरजणावाचून दही कोणत्या घरी लागते? परंतु गव्हाची कणीक आंबवून ती भट्टीत भाजावी, ही रीत उत्तर हिंदुस्थानात रुळली ती मुख्यतः इराण आणि मध्य आशियातून आलेल्या लोकांबरोबर. त्या आंबविलेल्या कणकेला खमिरी म्हणत. ती भाजणाऱ्या कारागिराला नानबाई असे नाव होते. हा शब्द फारसी वळणाचा आहे. आपल्या 'बाई'शी त्याचे काही नाते नाही.

या रोटीचा एक जुना पुरावा अबुल फजलच्या आईन-इ-अकबरीत सापडतो. अकबराच्या मुदपाकखान्यातील जिन्नसांची मापे देताना तो भट्टीत भाजल्या जाणाऱ्या मोठ्या रोटीचेही प्रमाण सांगतो : दहा शेर पीठ, पाच शेर दूध, दीड शेर तूप आणि पाव शेर मीठ. त्याच्याच शेजारी तव्यावरच्या पातळ रोटीची नोंद आहे. एका शेरात अशा पंधरा किंवा त्याहूनही अधिक रोट्या होतात, आणि त्यांतल्या एका प्रकाराला चपाती म्हणतात, असे तो लिहितो. म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस बादशहाच्या घरी तवा आणि भट्टी या दोघांचा संसार एकत्र चालला होता.

लखनौने या संसारात काय भर घातली, हे अब्दुल हलीम शरर यांनी लिहून ठेवले आहे. शरर (१८६०–१९२६) हे उर्दूचे नामांकित कादंबरीकार. मावळलेल्या लखनौविषयी त्यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आपल्या 'दिलगुदाज' मासिकातून जी लेखमाला लिहिली, तीत दरबार आणि कवी यांच्याबरोबर आचारी आणि नानबाई यांनाही मानाचे स्थान मिळाले. त्यांच्या मते खमिरी रोटी घेऊन आलेल्या लोकांनी इथली तुपात तळलेली पुरी पाहिली, आणि या दोन रीतींच्या सहवासातून पराठा, बाकरखानी अशी मालिका निर्माण झाली. या मालिकेचा कळस म्हणजे शीरमाल. नसिरुद्दीन हैदरच्या कारकिर्दीत, म्हणजे १८२७ ते १८३७ या काळात, महमदू नावाच्या बाहेरगावच्या एका माणसाने फिरंगीमहालात दुकान मांडले आणि शीरमाल त्याच्या हातून घडली, असे शरर सांगतात. 'शीर' म्हणजे दूध. दुधात आणि तुपात मळलेली, भट्टीत भाजलेली, वरून केशराच्या दुधाचा हात फिरविलेली ही रोटी दिसायला तांबूस आणि चवीला किंचित गोड असते. अबुल फजलच्या त्या दूधतुपाच्या रोटीशी तिचे साम्य उघड दिसते.

इथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, शीरमालीचा कर्ता दरबारी आचारी नव्हता. तो बाजारातला दुकानदार होता. उमरावांच्या दस्तरखानावर शीरमाल गेली ती गल्लीतून, आणि तीच शीरमाल मोहरमच्या दिवसांत सामान्य लोकांच्या हातीही पडे. कुलचा आणि निहारी ही तर पहाटे कामावर निघणाऱ्यांची न्याहारी. दरबाराने या रोटीला रुबाब दिला हे खरे. पण तिला रोजचे गिऱ्हाईक दिले ते शहराने.

हा भेद किती मोलाचा होता, ते १८५७ ने दाखवून दिले. त्या वर्षाच्या आरंभी गावोगाव चपात्या फिरल्याची हकिकत सर्वांना ठाऊकच आहे. जूनअखेर लखनौच्या रेसिडेन्सीला वेढा पडला. आत अडकलेल्या इंग्रज स्त्रियांच्या रोजनिश्यांत नेहमीच्या पावाच्या जागी चपातीच पुन्हा पुन्हा भेटते. नोव्हेंबरात सर कॉलिन कॅम्पबेलने आतील लोकांना बाहेर काढले आणि पुढल्या मार्चमध्ये शहर जिंकले. त्यानंतर इंग्रजांनी जुन्या वस्तीचा मोठा भाग पाडून तोफा आणि फौजा सहज नेता येतील असे रुंद रस्ते आखले. राजा गेला, उमरावांच्या हवेल्या ओस पडल्या. परंतु गोल दरवाजा आणि अकबरी दरवाजा यांच्यामधील चौकाच्या बाजारात भट्ट्या पुन्हा पेटल्या.

त्या पेटल्या याचे कारण खमिराच्या स्वभावात आहे. नानबाई आजच्या कणकेचा एक गोळा मागे ठेवतो आणि उद्याची कणीक त्यात मिसळतो. परवासाठी पुन्हा त्यातलाच गोळा राखून ठेवतो. दह्याच्या विरजणासारखाच हा प्रकार. या गोळ्यात जे जिवंत असते त्याची ओळख विज्ञानाला फार उशिरा पटली. योगायोग असा की, लखनौला वेढा पडलेला असतानाच, १८५७ च्या ऑगस्टमध्ये, लुई पाश्चर याने फ्रान्समधील लील या गावी दुग्धाम्लाच्या किण्वनावरील आपला प्रबंध वाचला. पिठात आणि हवेत असलेले यीस्ट वायू निर्माण करून कणीक फुगविते, तर तिला आंबटपणा देतात ते दुग्धाम्ल निर्माण करणारे जीवाणू. हे दोघे जगायचे तर त्यांना सतत ताजे पीठ हवे. खमीर तिजोरीत ठेवता येत नाही. ते वापरले तरच टिकते, आणि ते वापरायचे तर रोज रोटी विकत घेणारा कोणी तरी असावा लागतो. लखनौच्या नानबायांपाशी असा खरेदीदार होता, म्हणूनच राजाश्रय तुटूनही त्यांची विद्या तुटली नाही.

जगाच्या दुसऱ्या टोकाला जर्मनीत हेच तत्त्व वेगळ्या रूपाने दिसते. तेथील थंड प्रदेशात गव्हापेक्षा राय हे धान्य चांगले पिकते. रायच्या पिठात गव्हासारखा चिवटपणा नसतो, आणि त्यातील विकरे भाजताना पिठूळ भागाचे पाणी करून टाकतात. पाव आतून चिकट राहतो. आंबट खमिरातील आम्ल या विकरांना आवर घालते. म्हणून तेथे खमीर हा चवीचा षोक नव्हता, ती गरज होती. गावात एकच सामाईक भट्टी असे. घरोघरी कणीक आंबविली जाई आणि पाळीपाळीने त्या भट्टीत भाजली जाई. वेस्टफालिया प्रांतातील पुंपरनिकेल हा भरड रायचा काळा पाव तर मंद आचेवर सोळा तास आणि त्याहूनही अधिक काळ भाजतात. लखनौची शीरमाल पांढऱ्या मैद्याची, श्रीमंतीची खूण सांगणारी. जर्मन शेतकऱ्याचा पाव कोंड्यासकट दळलेल्या पिठाचा. आज आरोग्याचा विचार करणारे लोक दुसऱ्याला अधिक मान देतात, हा काळाचा न्याय म्हणावा लागेल.

आपल्या किनाऱ्यावरही खमिराचा एक स्वतंत्र इतिहास आहे. पोर्तुगीजांबरोबर गोव्यात पाव आला, तेव्हा तो फुगविण्यासाठी माडाची सूर उपयोगी पडली. गोव्याचा पोदेर आणि त्याची कोंड्याची पोई ही त्या तडजोडीची अपत्ये. बाकी महाराष्ट्रात पावाची वाट इतकी सोपी नव्हती. पीठ कोणी भिजविले, पाणी कोणाच्या हातचे, हा प्रश्न आड येई. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहा-बिस्किटांवरून जे ग्रामण्य माजले, त्यात टिळक आणि रानडे यांच्यासारखी माणसेही सापडली. भट्टीची रोटी ही परक्या हातची रोटी असते. ती खाणे म्हणजे शेजाऱ्यावर विश्वास टाकणे होय.

आता काळ पुन्हा पालटला आहे. तयार यीस्टने काही तासांचे काम थोडक्यात उरकते, आणि जेथे ते वापरात आले तेथे मागे ठेवलेल्या गोळ्याची गरज उरली नाही. उलट, २०२० च्या टाळेबंदीत जगभर असंख्य लोकांनी घरच्या बरणीत पीठ-पाणी कालवून खमीर धरावयास आरंभ केला. कोंड्यासकट दळलेली कणीक यास मैद्याहून बरी, कारण धान्याच्या सालीवर हे सूक्ष्म जीव अधिक असतात. लखनौसारख्या गावी, जेथे उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर चढतो, तेथे खमीर फार लवकर चढते आणि तितक्याच लवकर अति आंबट होते. जर्मन पुस्तकातील तास तेथे चालत नाहीत. पीठ कधी तयार झाले हे हाताला आणि नाकालाच कळावे लागते. नानबायाची विद्या ती हीच.

२०१४ साली जर्मनीने आपल्या पावाच्या परंपरेची राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. २०२५ साली युनेस्कोने लखनौला पाककलेचे सर्जनशील नगर म्हणून मान दिला. हे सन्मान आनंदाचे आहेत. परंतु यादीत लिहिलेले नाव आणि कणकेत मुरलेले खमीर यांत अंतर आहे. नाव कागदावर शंभर वर्षे राहू शकते. खमिराला मात्र उद्याचेच पीठ हवे असते. लखनौची गादी एक्याऐंशी वर्षांत संपली, आणि एका दुकानदाराची रोटी जवळजवळ दोनशे वर्षे टिकली, ती चौकातल्या माणसाने ती रोज विकत घेतली म्हणून. पुढची वर्षे तिला मिळतील की नाही, हेही त्याच माणसाच्या हाती आहे.