आजीपणाचा निर्देशांक : रक्ताच्या थेंबातून सापडलेली नातवंडे

१/१२
आईवडील दोघेही नाहीसे झाले आहेत आणि मूल भलत्याच घरात, भलत्याच नावाने वाढते आहे. ते आपलेच नातवंड आहे, हे आजीने न्यायालयात कसे सिद्ध करावे? अर्जेंटिनातील काही आज्यांनी हा प्रश्न थेट विज्ञानाला विचारला. त्याची ही कथा. #थ्रेड #इतिहास

२/१२
२४ मार्च १९७६ रोजी लष्कराने अर्जेंटिनाची सत्ता बळकावली. हजारो नागरिक गुप्त छळछावण्यांत नाहीसे झाले. बंदिवान गरोदर स्त्रियांना प्रसूतीपर्यंत जिवंत ठेवले जाई. पुढे त्यांची हत्या होई आणि बाळ खोट्या जन्मनोंदीसह इतरांच्या हाती जाई. अशी मुले सुमारे ५०० असावीत, असा आज्यांच्या संघटनेचा अंदाज आहे.

३/१२
ही संघटना १९७७ मध्ये उभी राहिली : ‘प्लाझा दे मायोच्या आज्या’. पाळत चुकवण्यासाठी त्या उपाहारगृहात वाढदिवसाचा बहाणा करून भेटत. अनाथालये आणि बालन्यायालयांचे उंबरठे झिजवीत, निनावी खबरा जुळवीत त्यांनी मुलांचा माग काढला.

४/१२
परंतु माग म्हणजे पुरावा नव्हे. कागदपत्रे खोटी होती आणि रक्त तपासायला आईवडीलच उरले नव्हते. १९७९ मध्ये रक्ततपासणीवरून पितृत्व सिद्ध झाल्याची बातमी त्यांच्या वाचनात आली आणि त्यांना सुचले : बापाचे रक्त नसेल, तर आजी-आजोबांचे चालेल का?

५/१२
हा प्रश्न घेऊन त्या देशोदेशी फिरल्या. न्यूयॉर्कमध्ये त्यांना निर्वासित अर्जेंटिनी जनुकशास्त्रज्ञ व्हिक्टर पेंचासादे भेटले. पुढे बर्कलीच्या मेरी-क्लेअर किंग यांनी या कामात मोलाचा वाटा उचलला.

६/१२
तत्त्व असे : पांढऱ्या पेशींवरील ‘एचएलए’ खुणांचे असंख्य प्रकार असतात. मूल त्यांतला अर्धा वाटा आईकडून, अर्धा बापाकडून घेते. आईबापांना तो त्यांच्या आईबापांकडून मिळालेला असतो. म्हणजे मधली पिढी पुसली गेली, तरी दोन्हीकडच्या आजी-आजोबांवरून नात्याची संभाव्यता मांडता येते. या गणिताला नाव मिळाले ‘आजीपणाचा निर्देशांक’.

७/१२
पाउला लोगारेस १९७८ मध्ये मोंतेविदेओ येथून आईवडिलांसह पळवली गेली, तेव्हा जेमतेम दोन वर्षांची होती. एका पोलीस अधिकाऱ्याने तिची नोंद स्वतःची मुलगी म्हणून केली. लोकशाही परतताच आजी एल्सा पावोन न्यायालयात गेल्या. रक्ताने साक्ष दिली आणि डिसेंबर १९८४ मध्ये पाउला आजीच्या घरी आली. जनुकीय पुराव्यामुळे परत मिळालेले हे पहिले नातवंड.

८/१२
आक्षेप मोठा होता : आठ वर्षांच्या मुलीला ओळखीच्या घरातून उपटणे हा दुसरा आघात नव्हे काय? आज्यांचे उत्तर होते, की ते घरच अपहरणावर उभे आहे. खोटेपणात वाढणे हाच अखंड आघात आहे.

९/१२
तरी प्रत्येक वेळी घर बदललेच, असे नाही. १९७९ मध्ये चिलीत सापडलेली दोन भावंडे त्यांना निर्मळ मनाने दत्तक घेणाऱ्या कुटुंबातच राहिली. आजीशी मात्र त्यांचे नाते पुन्हा जुळले. चाचणी नाते सांगते. मुलाने कोठे वाढावे, हे माणसांनाच ठरवावे लागते.

१०/१२
आज्या थकत होत्या. आजी गेली, तर पुरावाही जाणार! म्हणून १९८७ मध्ये कायद्याने राष्ट्रीय जनुकीय माहिती पेढी स्थापन झाली. तेथे कुटुंबीयांचे नमुने जपले गेले. आजीच्या पश्चात येणाऱ्या नातवालाही आपले कुळ कळावे, अशी ही तजवीज होती.

११/१२
पुढे मायटोकॉन्ड्रियल डीएनएने वाट सुकर केली. तो केवळ आईकडून येतो. म्हणून आईच्या आईचा आणि नातवंडाचा सहसा जुळतो. जणू आजोळचा पत्ता प्रत्येक पेशीत लिहिलेला! संघटनेच्या अध्यक्षा एस्तेला दे कार्लोतो यांना स्वतःचा नातू २०१४ मध्ये सापडला, तेव्हा तो ३६ वर्षांचा होता. आजवर १३० हून अधिक जणांची ओळख पटली आहे.

१२/१२
ओळख जपण्याचा बालकाचा हक्क १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात आला, तो अर्जेंटिनाच्या आग्रहामुळे. छत्तीस वर्षांच्या नातवाला आजी मांडीवर घेऊन वाढवू शकत नाही. ती वर्षे कोणतीही प्रयोगशाळा परत देत नाही. म्हणूनच निराधार मुलाचे आप्त शोधण्याची घाई करायची, ती ते मूल लहान असतानाच.