कुओ शीचा 'वसंतारंभ' : एका रेशमी चित्राचा प्रवास

परप्रांतात संसार थाटलेल्या मराठी कुटुंबाच्या दिवाणखान्यात गावाकडचे एखादे चित्र बहुधा असतेच. कोणाकडे सह्याद्रीतील गडाचे, कोणाकडे कोकणातील माडांच्या बनाचे. एरवी त्याकडे फारसे लक्ष जात नाही, परंतु बदलीचा हुकूम आला की ते आधी बांधले जाते. माणसाला डोंगराचे चित्र भिंतीवर का हवेसे वाटते, ह्या प्रश्नाचा विचार सुमारे साडेनऊशे वर्षांपूर्वी एका चिनी चित्रकाराने केला होता. त्याचे नाव कुओ शी.

कुओ शी मूळचा पीत नदीच्या उत्तरेकडील वन परगण्याचा. सुंग राजवंशातील शेनझुंग सम्राटाने त्याला कायफंग ह्या राजधानीत दरबारी चित्रकार म्हणून बोलावून घेतले. त्याची चित्रकलेविषयीची मते त्याच्या मुलाने पुढे ग्रंथरूपाने संकलित केली. त्यांत तो म्हणतो त्याचा आशय असा : सज्जनाला वनांची व निर्झरांची ओढ असते; परंतु माता-पित्यांची सेवा आणि राजाची चाकरी टाकून त्याला निघून जाता येत नाही. अशा बांधलेल्या माणसाला बसल्या जागी डोंगर भेटावा, ह्याकरिता चित्र. काही डोंगर ओलांडून जाण्यासारखे, काही पाहण्यासारखे, काही हिंडण्यासारखे आणि काही राहण्यासारखे असतात. चित्रकाराने शेवटचे दोन निवडावेत, कारण तेच दुर्मिळ. आपल्याकडे वानप्रस्थासाठी वय गाठावे लागते. कुओ शीने तो चाकरीत असलेल्या माणसाच्या भिंतीवरच आणून ठेवला.

'वसंतारंभ' हे त्याचे चित्र १०७२ सालचे. तिथी आणि नाव त्याने डाव्या कडेला स्वहस्ते लिहून ठेवले आहे. दरबारी चित्रकाराने असे करणे त्या काळी नित्याचे नव्हते. रेशमी पटाची उंची सुमारे १५८ सेंटिमीटर आणि रुंदी सुमारे १०८. मध्यभागी एक पर्वत नागमोडी वळणे घेत वर चढतो. त्याच्या कमरेशी धुके दाटले आहे, त्यामुळे खालचा खडक आणि वरचे शिखर ह्यांत नेमके किती अंतर आहे ते कळत नाही. झाडांना पालवी फुटलेली नाही. फांद्या खेकड्याच्या नांग्यांसारख्या वाकलेल्या. डावीकडे दरी दूरवर पसरत जाते, उजवीकडे धबधब्याच्या वर मंदिराची छपरे दिसतात. आणि अगदी तळाशी, पाण्याच्या काठी, नखाएवढी माणसे आहेत : नावेतून उतरलेली, मूल उराशी धरलेली एक बाई आणि तिच्यासोबतची मंडळी घराकडे निघाली आहेत. त्यांच्यावर नजर पडली की पर्वताची उंची एकदम दुप्पट भासते.

डोंगर पाहण्याच्या तीन रीती कुओ शीने सांगितल्या आहेत : पायथ्याशी उभे राहून शिखराकडे, समोरून आतल्या खोल भागाकडे, आणि जवळच्या डोंगरावरून दूरच्या डोंगराकडे. ह्या चित्रात तिन्ही एकत्र आल्या आहेत. म्हणूनच ते एका जागी उभे राहून पाहता येत नाही. डोळ्यांना वाट चालावी लागते.

हे सारे साधले आहे ते जवळजवळ केवळ शाईने. पाइनच्या काजळीत सरस मिसळून शाईची कांडी करीत, आणि सहाणेवर गंध उगाळावे तशी ती दगडावर पाण्यात उगाळीत. रेशमाला आधी सरस-तुरटीचे पाणी दिलेले असे. त्यामुळे शाई लगेच झिरपत नाही, आणि फिकट थरावर थर चढवून धुक्याचा ओलावा उभा करता येतो. मात्र उमटलेली रेघ पुसता येत नाही. काम सुरू करण्यापूर्वी कुओ शी खिडकी-मेज स्वच्छ करी, धूप लावी, हात धुई. जणू मोठा पाहुणा यावयाचा आहे.

शेनझुंगाने राजवाड्यातील एक दालन सर्वस्वी त्याच्या चित्रांनी सजविले होते. सु शीसारख्या महाकवीने त्याच्या चित्रावर काव्य रचले. परंतु दरबाराची आवड कोणाला पुरली आहे? हुइझुंग सम्राट गादीवर आला आणि त्या दालनात जुन्या काळची चित्रे लागली. देंग चुन ह्या लेखकाने बाराव्या शतकात आपल्या वडिलांची एक आठवण नोंदविली आहे. सम्राटाने घराण्याला घर दिले, तेव्हा तेथे एक कारागीर चित्रित रेशमाच्या तुकड्याने मेज पुसताना त्यांना दिसला. निरखून पाहिले तो ते कुओ शीचे चित्र! चौकशी करता राजकोठारातून काढलेल्या मालातील ते असल्याचे समजले. त्यांनी सम्राटाकडे ती चित्रे मागितली व ती त्यांना मिळाली. घराच्या भिंती कुओ शीने भरून गेल्या. पुढे १९२७ नव्हे, ११२७ साली (लेखणी घसरली खरी, पण चीनच्या इतिहासात अशी वर्षे वारंवार येतात) जुर्चेन सैन्याने कायफंग जिंकले आणि दरबार दक्षिणेकडे पळाला. कुओ शीची भिंतीवरील भव्य चित्रे आज उरलेली नाहीत. निःसंशय त्याची म्हणता येतील अशी चित्रे अगदी थोडी, आणि त्यांत 'वसंतारंभ' अग्रगण्य.

ते पुढे मांचू सम्राटांच्या संग्रहात होते. अठराव्या शतकात छ्येनलुंग सम्राटाने वरच्या कोपऱ्यात आपली कविताही लिहून टाकली. रसिकतेचा हा आगाऊपणा मला तरी खटकतो. १९२५ साली बीजिंगच्या राजप्रासादाचे संग्रहालय झाले. जपानने मांचुरिया घेतल्यावर १९३३ साली निवडक संग्रह तेरा हजारांहून अधिक पेट्यांत भरून दक्षिणेकडे हलविण्यात आला : आधी शांघाय, मग नानजिंग. १९३७ साली युद्ध पेटताच पेट्या तीन वाटांनी पश्चिमेच्या डोंगराळ प्रदेशांत नेल्या गेल्या. बोटी, आगगाड्या, मोटारी, मिळेल ते वाहन. ह्याच युद्धातील जखमींच्या शुश्रूषेसाठी १९३८ साली सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनला गेले, आणि १९४२ साली त्यांनी तेथेच देह ठेवला.

युद्ध संपल्यावर पेट्या नानजिंगला परतल्या, त्या फार काळ टिकण्यासाठी नव्हे. यादवी युद्धाच्या अखेरीस, १९४८-४९ च्या हिवाळ्यात, सुमारे तीन हजार पेट्या जहाजांतून तैवानला पोहोचल्या. बाकीच्या मागेच राहिल्या. एकाच घराण्याचा संग्रह समुद्राच्या दोन तीरांवर विभागला गेला, तो आजही तसाच आहे. कित्येक कर्मचारी पेट्यांसोबत आले होते. थोड्या दिवसांचेच काम म्हणून घर सोडलेल्यांपैकी अनेकांना ते पुन्हा दिसले नाही.

१९६५ साली तैपेईजवळच्या डोंगराच्या कुशीत नवे संग्रहालय उघडले. 'वसंतारंभ' तेथे आहे. साडेनऊशे वर्षांत रेशीम चहाच्या रंगाचे झाले आहे, आणि प्रकाशाने त्याची हानी होते म्हणून ते क्वचितच, तेही काही आठवडेच, भिंतीवर लावतात. पूर्वेकडे जाण्याचा योग आलाच, तर चौकशी करूनच तारखा ठरवाव्यात.