उंचावलेले हात : वित्तोरिओ पोत्सो आणि दोन विश्वचषक

वित्तोरिओ पोत्सो हे नाव मराठी वाचकाच्या कानावरून क्वचितच गेले असेल. आपल्याकडे ते छापले गेलेच तर इंग्रजी अक्षरांवरून ‘पोझो’ असे छापले जाते; इटालियन उच्चार ‘पोत्सो’च्या जवळचा आहे. पुरुषांच्या फुटबॉलचा विश्वचषक दोनदा जिंकणारे ते आजवरचे एकमेव प्रशिक्षक. साल १९३४ आणि १९३८. मधल्या १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकचे सुवर्णपदकही त्यांच्याच संघाने मिळवले.

मी या माणसापर्यंत फुटबॉलच्या वाटेने आलो नाही. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्या मराठा पलटणींविषयी, यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांच्याविषयी टिपणे काढत होतो. त्यासाठी त्या काळच्या इटलीवर मिळेल ते वाचत गेलो आणि त्यात पोत्सो भेटले. काही वर्षांपूर्वी आमच्या गावच्या वाचनालयात मी त्यांच्यावर तासभर बोललो. दोन विश्वचषकांची कथा रंगवून सांगितली. भाषण संपल्यावर एका निवृत्त शिक्षिकेने विचारले, “तुम्ही दाखवलेल्या फोटोत सगळ्या खेळाडूंचे हात वर आहेत. त्याबद्दल काहीच बोलला नाहीत.” खेळ वेगळा, राजकारण वेगळे, असे काहीतरी मी पुटपुटलो. ते उत्तर माझे मलाच पटले नव्हते. हा लेख त्यातून आला आहे.

पोत्सो यांचा जन्म २ मार्च १८८६ रोजी तुरिनमध्ये झाला. घराणे मूळचे बिएल्ला परिसरातले. तरुणपणी ते स्वित्झर्लंड आणि इंग्लंडमध्ये राहिले. मँचेस्टर युनायटेडचा सेंटर-हाफ चार्ली रॉबर्ट्स याच्या खेळाने ते भारावले. मैदानाच्या मध्यावरून दोन्ही टोकांना लांब पास देणारा तो खेळाडू पोत्सो यांच्या डोक्यात कायमचा बसला. मायदेशी परतल्यावर ते तोरिनो क्लबकडून खेळले आणि पुढे त्याचे प्रशिक्षकही झाले. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये राष्ट्रीय संघाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. पहिल्याच सामन्यात फिनलंडने इटलीला ३-२ असे हरवले. त्या सामन्याचे पंच होते ह्यूगो माइस्ल. हेच माइस्ल पुढे ऑस्ट्रियाच्या संघाचे सूत्रधार आणि पोत्सो यांचे सर्वांत मोठे प्रतिस्पर्धी झाले.

पहिल्या महायुद्धात पोत्सो ‘आल्पिनी’ या इटलीच्या डोंगरी पलटणीत अधिकारी होते. पुढचे सारे समजून घ्यायचे तर ही बाब ध्यानात ठेवावी लागते. १९२९ च्या अखेरीस संघ पुन्हा त्यांच्या हाती आला, तेव्हा त्यांनी तो पलटणीसारखाच चालवला. स्पर्धेपूर्वी लांबलेली शिबिरे, कडक दिनक्रम, आपसात वैर असलेल्या खेळाडूंना मुद्दाम एकाच खोलीत ठेवणे. मे १९३० मध्ये बुडापेस्टला जाताना त्यांनी संघाला वाटेत महायुद्धाच्या रणभूमीवर आणि तिथल्या दफनभूमीत नेले. त्यानंतर इटलीने हंगेरीला ५-० ने हरवले. त्यांतले तीन गोल जुझेप्पे मेआत्सा या एकोणीस वर्षांच्या मुलाचे होते.

डावपेचांतही ते हट्टी होते. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम बदलल्यावर इंग्लंडमध्ये सेंटर-हाफला मागे खेचून तिसरा बचावपटू करण्याची पद्धत रूढ झाली. पोत्सो यांना ते मान्य नव्हते. त्यांचा सेंटर-हाफ बचावाला मदत करी, पण चेंडू मिळताच खेळाची सूत्रे हाती घेई. पुढच्या फळीतले दोन ‘इनसाइड’ खेळाडू थोडे मागे राहून त्याला साथ देत. या रचनेला ‘मेतोदो’ म्हणजे ‘पद्धत’ असे नाव पडले. तिच्यासाठी लागणारा रॉबर्ट्ससारखा माणूस त्यांना लुइस मोंतीमध्ये सापडला. मोंती १९३० च्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनाकडून खेळला होता. इटालियन वंशाच्या अशा परदेशी खेळाडूंवर टीका झाली, तेव्हा पोत्सो यांचा युक्तिवाद साधा होता : ज्यांना इटलीसाठी लढायला बोलावता येते, त्यांना इटलीसाठी खेळताही आले पाहिजे. या युक्तिवादाची दुसरी बाजू लगेच दिसली. १९३४ च्या उपांत्य सामन्यात माइस्ल यांच्या ऑस्ट्रियाविरुद्धचा एकमेव गोल करणारा अर्जेंटिनाचा एन्रिको ग्वाइता १९३५ मध्ये इटलीतून पळून गेला. ॲबिसिनियाच्या युद्धासाठी आपली भरती होईल, ही त्याची भीती होती.

१९३४ ची स्पर्धा इटलीतच झाली आणि ती मुसोलिनीच्या राजवटीचा मोठा देखावा होती. विश्वचषकाच्या जोडीला ‘कोप्पा देल दूचे’ नावाचा त्याहून कितीतरी मोठा चषक ठेवला होता. फ्लोरेन्समध्ये स्पेनशी झालेला दांडगाईचा सामना १-१ असा सुटला. दुसऱ्याच दिवशी तो पुन्हा खेळवला गेला आणि इटली १-० ने जिंकली. त्या दुसऱ्या सामन्याच्या स्विस पंचाला मायदेशी परतल्यावर निलंबित केले गेले. १० जून रोजी रोममध्ये मुसोलिनीसमोर अंतिम सामना झाला. चेकोस्लोव्हाकियाने आघाडी घेतली, ओर्सीने बरोबरी साधली आणि जादा वेळेत स्कियाव्यिओने विजयी गोल केला.

चार वर्षांनी फ्रान्समध्ये यजमानपणाचा फायदा नव्हता. ५ जून १९३८ रोजी मार्सेय येथे नॉर्वेविरुद्धच्या सामन्याला इटलीतून परागंदा झालेले फॅसिस्टविरोधी प्रेक्षक मोठ्या संख्येने आले होते. खेळाडूंनी सलामीसाठी हात उंचावताच शिट्ट्या आणि शिव्यांचा गदारोळ झाला. पोत्सो यांनी आवाज ओसरेपर्यंत हात खाली येऊ दिले नाहीत. हात खाली आले, आणि पोत्सो यांनी तेच पुन्हा वर करण्याचा हुकूम दिला. पुढे फ्रान्सविरुद्ध संघ नेहमीच्या निळ्या पोशाखाऐवजी काळ्या पोशाखात उतरला. अंतिम सामन्यात प्योला आणि कोलाउस्सी यांच्या प्रत्येकी दोन गोलांनी इटलीने हंगेरीला ४-२ ने हरवले.

दोन्ही अंतिम सामन्यांत खेळलेले इटालियन दोनच : मेआत्सा आणि फेर्रारी. मेआत्साला किशोरवयात इंटरच्या पहिल्या संघात घेणारे प्रशिक्षक होते आर्पाद वाइस, हंगेरीचे ज्यू. इंटर आणि बोलोन्या या दोन क्लबांना त्यांनी इटलीचे विजेतेपद मिळवून दिले होते. १९३८ च्या विश्वचषकानंतर काही महिन्यांतच वंशविषयक कायदे आले आणि वाइस यांना कुटुंबासह देश सोडावा लागला. ते हॉलंडला गेले. पत्नी आणि दोन मुले १९४२ मध्ये आउशवित्झला मारली गेली. स्वतः वाइस जानेवारी १९४४ मध्ये तिथेच मरण पावले. पोत्सो यांच्या विजयाचा हिशेब करताना वाइस यांचे नाव वगळता येत नाही. ज्या राजवटीला मार्सेयच्या मैदानावर मानवंदना मिळाली, तिनेच हे कायदे केले.

पण कथा इथे संपत नाही. १९९० च्या दशकात पुढे आलेल्या पुराव्यांनुसार, युद्धाच्या शेवटच्या काळात पोत्सो यांनी बिएल्ला भागातल्या सशस्त्र फॅसिस्टविरोधी गटांना अन्न पोहोचवले आणि दोस्तराष्ट्रांच्या युद्धकैद्यांना निसटायला मदत केली. युद्धानंतरही संघ त्यांच्याकडेच होता. ११ मे १९४७ रोजी हंगेरीविरुद्ध त्यांनी उतरवलेल्या अकरा जणांपैकी दहा एकट्या तोरिनो क्लबचे होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये डेन्मार्ककडून ५-३ अशी हार झाल्यावर त्यांची कारकीर्द संपली.

४ मे १९४९ रोजी लिस्बनहून परतणारे तोरिनोचे विमान तुरिनजवळच्या सुपेर्गा टेकडीवरील चर्चवर आदळले. एकतीसच्या एकतीस जण गेले. मृतदेह ओळखण्याचे काम तेव्हा पत्रकार असलेल्या त्रेसष्ट वर्षांच्या पोत्सो यांच्या वाट्याला आले. आपणच निवडलेली, घडवलेली मुले त्यांनी एकेक करून ओळखली.

पोत्सो २१ डिसेंबर १९६८ रोजी गेले. त्यांना सोडवणारे आणि अडकवणारे, दोन्ही प्रकारचे लेखन मी वाचले. माझे मत आता असे आहे. पोत्सो यांची देशभक्ती मुसोलिनीने दिलेली नव्हती. ती डोंगरी पलटणीतून, महायुद्धाच्या खंदकांतून आलेली होती. फॅसिझमहून जुनी आणि प्रामाणिक होती. म्हणूनच ती राजवटीच्या इतकी उपयोगी पडली. विकत घेतलेला माणूस शिट्ट्या ऐकून कदाचित डगमगला असता. पोत्सो यांना वाटत होते की आपण देशाचा मान राखतो आहोत. देश आणि सत्ता यांतला फरक त्यांना निदान त्या दुपारी दिसला नाही. पुढे बिएल्लाच्या डोंगरांत तो दिसला असावा. त्या मदतीने मार्सेयचा हुकूम पुसला जात नाही, आणि त्या हुकुमाने ही मदत खोटी ठरत नाही.

वाचनालयातल्या त्या बाईंना मी आता एवढेच सांगेन : फोटोतले हात खेळाचाच भाग होते. ते मी सांगायला हवे होते.