घासलेटचा डबा आणि थिबाची विहीर

आपल्या आज्यांच्या तोंडी दोन शब्द होते: रॉकेल आणि घासलेट. पहिला ‘रॉक ऑइल’चा, दुसरा ‘गॅसलाइट’चा अपभ्रंश. इथे बडोद्यात शेजारची गुजराती मंडळी ‘ग्यासतेल’ म्हणत. चिमणी, कंदील, पुढे स्टोव्ह, सगळे त्याच्यावर चाले. रिकामा डबा कापून त्याची बादली व्हायची, पत्र्याचे छप्पर व्हायचे, तुळसही त्यातच लागायची. त्या डब्यावर छापलेल्या कंपन्यांच्या नावांमागे केवढे राजकारण शिजले होते, याची आपल्या आज्यांना काय कल्पना!

ही गोष्ट रत्नागिरीपासून सुरू करता येते. तिथला थिबा राजवाडा पुष्कळांनी पाहिला असेल. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा १८८६पासून रत्नागिरीत नजरकैदेत होता, आणि १९१६मध्ये तिथेच वारला. त्याचे राज्य गेले ते वरकरणी लाकडापायी. मुंबईच्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनने ठरल्यापेक्षा जास्त सागवान नेऊन राजाचा महसूल बुडवल्याचा आरोप झाला आणि मंडालेच्या दरबाराने तिला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला. त्याच सुमारास थिबाची फ्रेंचांशी बोलणी चालू होती. कलकत्ता आणि लंडनच्या पोटात दुखले ते खरे यामुळे. दंडाचे निमित्त झाले. नोव्हेंबर १८८५मध्ये दोनेक आठवड्यांच्या लढाईत राज्य संपले आणि १ जानेवारी १८८६ रोजी ते खालसा झाल्याची घोषणा झाली.

त्या राज्यात इरावतीकाठी येनानजाउंग नावाचे गाव होते. तिथे पिढ्यान्‌पिढ्या हाताने खणलेल्या विहिरींतून तेल काढत. हक्क चोवीस घराण्यांकडे, आपल्याकडच्या वतनदारांसारखे वंशपरंपरागत. थिबाचा बाप मिंदोन याने या तेलाच्या विक्रीचा मक्ता राजाकडे घेतला होता. विहिरी शेकडो फूट खोल. आत विषारी वायू, त्यामुळे दिवा नेणे अशक्य. खणणारा माणूस उतरण्यापूर्वी डोळ्यांवर पट्टी बांधून बसे, म्हणजे तळाच्या अंधारात लगेच दिसावे. कारण दम लागून वर यावे लागेपर्यंत हाताशी फारच थोडा वेळ असे.

राज्य खालसा झाले त्याच वर्षी, १८८६मध्ये, स्कॉटलंडात बर्मा ऑइल कंपनी नोंदली गेली. डेव्हिड कारगिल हा तिचा संस्थापक. राजाच्या विहिरी सरकारजमा झाल्या होत्या. यंत्राने खोदायचे पट्टे कंपनीला मिळत गेले, रंगूनजवळ सिरियमला शुद्धीकरणाचा कारखाना उभा राहिला. ब्रह्मदेश हिंदुस्थानचाच प्रांत ठरल्यामुळे तिथले तेल मुंबई-कलकत्त्याला उतरताना परदेशी तेलावरची आयात जकात लागत नसे. ही सवलत कंपनीच्या भरभराटीचे मोठे कारण होते.

त्या वेळी हिंदुस्थानात तेल ओतत होते दोघे बलाढ्य. एक रॉकफेलरची अमेरिकन स्टँडर्ड ऑइल. दुसरा लंडनचा व्यापारी मार्कस सॅम्युएल. त्याचे ‘म्युरेक्स’ हे तेलवाहू जहाज १८९२मध्ये रशियन तेल घेऊन सुएझ कालव्यातून पूर्वेकडे आले; शेल कंपनी ती याचीच. स्टँडर्डचे डबे निळे, सॅम्युएलचे लाल. पुढे सॅम्युएल डचांच्या रॉयल डच कंपनीशी जोडला गेला आणि त्यांची संयुक्त विक्री एशियाटिक पेट्रोलियम या नावाने चालू झाली.

१९०२मध्ये स्टँडर्डने ब्रह्मदेशात तेल शोधण्याचा परवाना मागितला. व्हाइसरॉय होता कर्झन. सरकारने नकार दिला. खुल्या व्यापाराच्या बाता मारणारे हेच सरकार आपल्या हातमागाला संरक्षण द्यायची वेळ आली की तत्त्वज्ञान सांगे; इथे मात्र तत्त्वज्ञान गुंडाळून ठेवले. यामागे ब्रिटिश नौदल होते. जहाजे कोळशाऐवजी तेलावर चालवायची, तर ते तेल ब्रिटिश झेंड्याखालच्या जमिनीतले हवे. १९०५मध्ये नौदलाने बर्मा ऑइलशी इंधनाचा करार केला. त्याच वर्षी बर्मा ऑइल आणि एशियाटिक यांनी हिंदुस्थानातली रॉकेलची बाजारपेठ आपसांत वाटून घेतली. आपल्याकडे वंगभंगाची चळवळ पेटलेली, परदेशी कापडाच्या होळ्या चाललेल्या, आणि त्याच वर्षी आपल्या दिव्यातल्या तेलाची वाटणी अशी परस्पर झाली.

नौदलाच्याच आग्रहाने बर्मा ऑइल इराणातही उतरली. विल्यम नॉक्स डार्सीला १९०१मध्ये इराणच्या शहाकडून सवलत मिळाली होती, पण त्याचे पैसे संपत आले होते आणि तो फ्रेंच रॉथशिल्डांशी बोलत होता. सवलत फ्रेंचांच्या हाती जाऊ नये म्हणून ग्लासगोच्या पैशाला पुढे केले गेले. (पाद्र्याचा वेश घेतलेल्या गुप्तहेराने डार्सीला फितवले, अशी एक चटकदार कथा सांगतात, तिच्यावर विश्वास ठेवण्याजोगा पुरावा नाही.) तिथल्या विहिरींच्या पहाऱ्याला हिंदुस्थानी घोडदळाची तुकडी पाठवली गेली. २६ मे १९०८ रोजी मस्जिद-इ-सुलेमान येथे तेल लागले. १९०९मध्ये बर्मा ऑइलच्या पोटातून अँग्लो-पर्शियन कंपनी जन्मली.

याच काळात येनानजाउंगपासून सिरियमपर्यंत सुमारे पावणेतीनशे मैलांची नळवाहिनी टाकली गेली. आणि याच काळात, थिबा रत्नागिरीत असताना, रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य थिबाच्या मंडालेत कैदेत होते. ही अदलाबदल आपण नेहमी सांगतो. तिला एक जोड देतो: जून १९१४च्या ज्या आठवड्यात टिळक सुटून पुण्यात आले, त्याच आठवड्यात लंडनच्या पार्लमेंटात चर्चिलने अँग्लो-पर्शियनचे निम्म्याहून अधिक भाग सरकारने विकत घेण्याचा ठराव संमत करून घेतला. कंपनी आणि सरकार यांच्यातला आडपडदा तिथे संपला. हाच चर्चिल १९२३मध्ये, मंत्रिपद नसताना, सरकारने ते भाग विकावेत यासाठी शेल आणि बर्मा ऑइलच्या वतीने मेहनताना घेऊन खटपट करत होता!

सर्वांत मोठी झुंज मात्र आपल्या बाजारात झाली. क्रांतीनंतर रशियाच्या तेलविहिरी सोव्हिएत सरकारने ताब्यात घेतल्या होत्या. न्यूयॉर्कची स्टँडर्ड हे स्वस्त सोव्हिएत रॉकेल घेऊन हिंदुस्थानात विकू लागली. रॉयल डच-शेलचा हेन्री डेटर्डिंग खवळला. त्याच्या मते तो चोरीचा माल होता. सप्टेंबर १९२७मध्ये त्याने हिंदुस्थानात भाव पाडले आणि दरयुद्ध पेटले. घासलेट स्वस्त झाले याचा गिऱ्हाइकाला आनंद, पण ब्रह्मदेशातल्या छोट्या कंपन्या कोलमडू लागल्या. संरक्षक जकातीसाठी टॅरिफ बोर्डापुढे १९२८मध्ये चौकशी चालली. त्याच वर्षी बर्मा ऑइल आणि शेल यांनी विक्रीसाठी बर्मा-शेल काढली, आणि सप्टेंबरात स्कॉटलंडमधल्या अ‍ॅक्नाकॅरी किल्ल्यावर तह झाला. डेटर्डिंग, अमेरिकेचा टीगल आणि अँग्लो-पर्शियनचा कॅडमन शिकारीच्या निमित्ताने जमले होते. ज्याचा बाजारात जितका वाटा आहे तितकाच राहावा, असे ठरले. हा करार १९५२पर्यंत उजेडात आला नाही. तेल कुठूनही निघो, भाव धरायचा तो अमेरिकेच्या आखातातला आणि वर तिथून इथवरचे जहाजभाडे, हाही याच बिरादरीचा हिशेब. जवळच्या इराणमधून आलेल्या तेलाला आपण अमेरिकेपासूनचे भाडे मोजत होतो.

विहिरींवरच्या कामगारांकडे फार उशिरा लक्ष गेले. १९३८मध्ये चाउक आणि येनानजाउंगच्या कामगारांनी संप करून रंगूनकडे पायी मोर्चा काढला. विद्यार्थी त्यांना मिळाले, डिसेंबरात पोलिसांच्या मारात आउंग जॉ हा विद्यार्थी मेला. ब्रह्मी स्वातंत्र्यलढ्यात ते वर्ष मानाचे आहे. चारच वर्षांनी जपानी फौजा आल्या, तेव्हा इंग्रजांनी सिरियमचा कारखाना आणि विहिरी स्वतःच्या हाताने उडवून दिल्या. कंपनीने नुकसानभरपाईसाठी आपल्याच सरकारवर दावा लावला. १९६४मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये ती जिंकली, तर पार्लमेंटाने १९६५मध्ये मागील तारखेपासून लागू होणारा कायदा करून तो निकालच निष्फळ केला.

इकडे स्वतंत्र भारतात बर्मा-शेल आणि स्टँडर्ड-व्हॅक्यूम यांचे कारखाने तुर्भ्याला उभे राहिले. १९६०मध्ये रशियाने रुपयांत, स्वस्त कच्चे तेल देऊ केले, तेव्हा परदेशी कंपन्यांनी ते शुद्ध करायला नकार दिला. त्यांच्या भावांचा हिशेब तपासायला के. आर. दामले यांची समिती नेमली गेली. केशवदेव मालवीयांनी सरकारी कारखान्यांचा आग्रह धरला. अंकलेश्वरला त्याच वर्षी तेल लागले होते. ते शुद्ध करायला रशियाच्या मदतीने जो कारखाना निघाला तो आपल्या कोयलीचा. १९६५मध्ये तो चालू झाला, आणि आपल्यातल्या किती तरी घरांतली माणसे त्याच्या भोंग्यावर डबा घेऊन निघू लागली.