यंत्रयुगातील आख्यायिका : एक इतिहाससाधन

लोककथा ही केवळ ग्रामजीवनाची निर्मिती होय, हा समज टिकणारा नाही. जेथे अनेक माणसे एकत्र येऊन जोखमीचे काम करतात तेथे आख्यायिका जन्मास येते. मग ते काम घाटातील बोगद्याचे असो वा संगणकाच्या प्रयोगशाळेतील असो. अशा आख्यायिकेची किंमत इतिहासाने कशी करावी, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम संगणक-व्यवसायातील एक प्रसिद्ध कथा घेऊ. हार्वर्ड विद्यापीठात तयार झालेल्या ‘मार्क-२’ या गणकयंत्रात ९ सप्टेंबर १९४७ रोजी एक पतंग अडकलेला सापडला. तो नोंदवहीत चिकटविण्यात आला, आणि यंत्रदोषास ‘बग’ म्हणण्याचा प्रघात तेथून पडला, असे सांगतात. परंतु प्रत्यक्ष ‘बग’ सापडल्याचे हे पहिलेच उदाहरण, असा त्या नोंदीचा आशय आहे. शब्द आधीच रूढ नसता तर हा विनोदच संभवला नसता. एडिसनने तर १८७८ मध्येच एका पत्रात हा शब्द याच अर्थी योजिला होता. शब्दाचा काल ही कथेची कसोटी ठरते, ती अशी.

तथापि, जी कथा घटना म्हणून सिद्ध होत नाही ती निरर्थक असते, असे नव्हे. बोरघाटातील शिंग्रोबाची आख्यायिका याची साक्ष देते. रेल्वेसाठी वाट शोधणाऱ्या इंग्रज अभियंत्यांना शिंग्रोबा धनगराने घाटातील मार्ग दाखविला. बक्षीस म्हणून त्याने देशाचे स्वातंत्र्य मागताच त्यास गोळी घालण्यात आली, अशी ही जनश्रुती आहे. घाटात त्याचे देऊळ आहे, आणि येणारेजाणारे वाहनचालक तेथे नाणे वाहतात. लिखित इतिहास मात्र या मार्गाचे श्रेय मुख्य अभियंता जेम्स बर्कले यास देतो. काम १८५६ मध्ये सुरू होऊन १८६३ मध्ये पूर्ण झाले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये मरण पावला व त्याची पत्नी अॅलिस हिने कंत्राट पुढे चालविले, हेही नोंदलेले आहे. पटकीने व अपघातांनी जे असंख्य मजूर दगावले त्यांची नावे मात्र उरली नाहीत. शिंग्रोबाच्या एका मृत्यूत लोकस्मृतीने त्या अनाम मृत्यूंना जणू एक नाव दिले आहे. मार्गाचे ज्ञान स्थानिकांचे होते, हा दावाही तिने जतन केला आहे.

हीच दृष्टी पालघर–बोईसर परिसरास लावता येईल. उमरोळीवरून जाणाऱ्या लोहमार्गाच्या पश्चिमेस, समुद्रकिनारी, तारापूरचे अणुवीज केंद्र आहे. भारतातील या पहिल्या अणुवीज केंद्राचे व्यापारी उत्पादन २८ ऑक्टोबर १९६९ रोजी सुरू झाले. पुढे २००५-०६ मध्ये तेथे ५४० मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्या कार्यान्वित झाल्या. त्यांच्यासाठी पोफरण व अक्करपट्टी ही गावे उठविण्यात आली. क्षमता, करार व तारखा दप्तरांत राहतील. परंतु कामगारांच्या पाळ्यांमधील, फलाटांवरील आणि विस्थापितांच्या घरांतील कथा दप्तरांत येत नाहीत, आणि १९६९ ची पिढी आता वार्धक्यात आहे. त्या कथा सांगणाऱ्याच्याच बोलीत, शब्दशः उतरवून घेतल्या पाहिजेत. कारण बोली बदलली की कालनिर्णयाचे साधनच हातचे जाते. कथा खरी की खोटी, हा निवाडा त्यानंतरचा होय.